चालू स्थितीत, स्वतःच्या मालकीचा

रविवारी सकाळी मनोहरराव झाडे यांच्या पारडीच्या घरात फ्रिज आला, आणि तो तीन तास लवकर आला.

फ्रिज बारा वाजता यायचा होता. मनोहररावांनी शनिवारी रात्रीच वहीच्या पानावर वेळापत्रक करून दाराच्या मागे चिकटवलं होतं. अकरा वाजता सर्व्हेवाली मॅडम. बारा वाजता शेजारच्या सुशीलचा फ्रिज. साडेबारा वाजता बिछायत केंद्रातून भाड्याचा सोफा. एक वाजता भाच्याचा मोठा टीव्ही. चार वाजता मिनलला पाहायला पाहुणे. मनोहरराव लकडगंजला एका फर्निचरच्या कारखान्यात तीस वर्षं सुतारकाम करत होते. माप घेतल्याशिवाय ते काही कापत नसत, आणि रविवारही त्यांनी मापानंच कापला होता.

"म्हणजे अकरा वाजता आपण गरीब," त्यांच्या पत्नी वंदनाताईंनी पान वाचून विचारलं होतं, "अन् चार वाजता श्रीमंत?"

"गरीब नाही वं. आहो तसे. अन् चार वाजता पाहुण्यांले शोभन तसे."

"मंग मधातल्या पाच घंट्यात काय झालं म्हणावं?"

"मधात कोणी पाहाले येत नाही ना."

सर्व्हेवाली मॅडम याआधी दोनदा येऊन, मनोहररावांना सवड नाही म्हणून दारातूनच परत गेली होती. ती एका संशोधन संस्थेची होती. या कामाचा कोणत्याही योजनेशी संबंध नाही, काही मिळणार नाही आणि काही जाणारही नाही, असं तिनं दोन्ही वेळा स्वतःहून सांगितलं होतं. एवढं स्वतःहून सांगते म्हणजे नक्की संबंध आहे, हे मनोहररावांनी ओळखलं. घरात केशरी रेशनकार्ड होतं. घरात फ्रिज दिसला, मोठा टीव्ही दिसला, तर कार्ड पांढरं व्हायला वेळ लागणार नाही, असा त्यांचा अंदाज होता. म्हणून अकराला घर होतं तसं दिसणं भाग होतं.

आणि चारला ते तसं दिसून चालणार नव्हतं. त्यांची मुलगी मिनल हिंगण्याच्या एका कारखान्यात तपासणी विभागात होती. त्याच कारखान्यात आयुष ढोबळे होता. दोघांचं आठ महिन्यांपूर्वीच ठरलं होतं; मोठ्या माणसांनी फक्त एकमेकांची घरं पाहायची राहिली होती. आयुषच्या आईचा, सिंधूताईंचा, फोन आला तेव्हा त्या सहज म्हणाल्या होत्या, एप्रिलात पारडीपर्यंत यायचं म्हणजे ऊन फार. तेव्हा मनोहररावांच्या तोंडून निघून गेलं, "या ना. सोफ्यावर बसा, फ्रिजचं पाणी प्या, टीव्ही पाहा. काही तरास नाही." फोन ठेवल्यावर त्यांनी घराकडे पाहिलं. तिथे यातलं काहीच नव्हतं.

"बाबा, त्यांना काही नको आहे," मिनल म्हणाली.

"त्यांले नको असन. तू त्या घरी गेल्यावर उद्या कोणी म्हणाले नको, का हिच्या बापाकडे बसाले जागा नव्हती."

"आयुषनं एकच सांगितलं आहे. त्याच्या आईला गरिबी चालते, खोटं चालत नाही. पकडलं गेलं तर माझं लग्न मोडेल."

"पकडते कोण?" मनोहररावांनी वेळापत्रकाकडे बोट दाखवलं.

तर, फ्रिज नऊलाच आला. सुशीलची ताकाची गाडी होती आणि त्या रविवारी मैदानावर क्रिकेटचे सामने होते. "भाऊ, बारा वाजता मी ग्राउंडवर असन," तो म्हणाला. "आताच ठेवून देतो. आत ताकाचे पाउच आहेत, ते तसेच राहू द्या." दोघांनी मिळून फ्रिज खिडकीजवळ उभा केला.

साडेनऊला बिछायत केंद्राची हातगाडी आली. लग्नसराईचे दिवस, सोफा संध्याकाळी वर्धमाननगरच्या एका रिसेप्शनला जायचा होता, म्हणून त्यांनी आधी पारडीचं काम उरकून घेतलं. मनोहररावांनी फोनवर "चांगल्यातला सोफा" सांगितलं होतं. बिछायत केंद्राकडे चांगल्यातला सोफा एकच असतो. नवरानवरी स्टेजवर बसतात तो. लाल मखमल, सोनेरी पाय, आणि दोन्ही हातांवर तोंड उघडलेले सिंह.

"हे सिंहासन आहे," मिनल म्हणाली.

"सोफाच आहे. जरा उंच आहे."

दहाला भाचा टीव्ही लावून गेला. हे सगळं समोरच्या खोलीत बसवायचं म्हणजे तिथलं आधीचं सगळं हलवणं आलं. मनोहररावांनी स्वतः बनवलेला लाकडी दिवाण, छोटा टीव्ही, शिवणयंत्र, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणि धान्याची कोठी मागच्या खोलीत गेली. दिवाण आडवा मावेना म्हणून उभा करून दाराला टेकवला. त्यानंतर दार दीड वीत उघडत होतं. झाड्यांचं खरं घर त्या दीड वितीच्या आत होतं आणि बाहेर सुशील, भाचा आणि बिछायत केंद्र मांडून ठेवलं होतं.

राहिला प्लग. समोरच्या खोलीत प्लग एकच होता आणि तो कूलरला लागला होता. एप्रिलमध्ये नागपुरात कूलरची पिन काढण्याचा विचार कोणी करत नाही. फ्रिजची वायर गुंडाळून मागे सारली, टीव्हीची फोटोच्या चौकटीमागे.

ठीक अकरा वाजता पायल गजभिये आली.

पायलनं संख्याशास्त्रात एमएस्सी केलं होतं आणि ती या कामावर मनापासून होती. माणसाला वर्षाचं उत्पन्न विचारलं की एकतर तो लपवतो, नाहीतर त्याचं त्यालाच ठाऊक नसतं. गवंड्याला पावसाळ्यात काम नसतं, शेतकऱ्याचा पैसा वर्षातून दोनदा येतो आणि मधल्या महिन्यांत कुठे जातो ते तोही सांगू शकत नाही. पण घरात कुकर आहे का, असं विचारलं तर कोणीही क्षणात सांगतो. म्हणून तिच्या टॅब्लेटवर उत्पन्नाचा प्रश्नच नव्हता. बत्तीस वस्तूंची यादी होती. प्रत्येक वस्तूला ठरावीक वजन, सगळ्यांची बेरीज, आणि त्या आकड्यावरून घर खालून कितव्या पायरीवर आहे ते समजे. तिचे सर वर्गात म्हणायचे, माणसं चुकीचं सांगतात, वस्तू सांगत नाहीत. हे तिला फार पटलं होतं.

खोलीत पाऊल टाकल्यावर तिनं सिंहासनाकडे पाहिलं आणि शेजारच्या स्टुलावर बसली.

मनोहररावांनी मनाशी हिशोब केला. पाहुणे यायला पाच तास आहेत. मॅडमला खरं सांगून टाकावं, फ्रिज सुशीलचा, टीव्ही भाच्याचा. ती गेली की विषय संपला. त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "हे पाहा मॅडम, या घरात जे दिसून राहिलं ना, ते..."

दारात मोटारीचा हॉर्न वाजला.

पांढऱ्या मोटारीतून आधी आयुष उतरला, मग सिंधूताई, आणि शेवटी काठी टेकत आयुषचे आजोबा, नानाजी.

"चार वाजताचं ठरलं होतं ना जी," मनोहरराव दारातच म्हणाले.

"ऊन लागते म्हून लवकर आलो," सिंधूताई म्हणाल्या. एप्रिलात ऊन चुकवायला भर अकराला कोणी निघत नाही, पण हे त्या वेळी कोणाच्या लक्षात आलं नाही. त्यांनी हातातल्या घड्याळात पाहिलं, आत आल्या, आणि पायलला पाहून उंबरठ्यावरच थांबल्या.

पायलनंही त्यांना ओळखलं. आदल्या रविवारी ती हिंगण्यात सिंधूताईंच्या घरी चाळीस मिनिटं बसली होती, चहा प्यायली होती. चारचाकी या प्रश्नासमोर तिनं "नाही" अशी खूण केली होती. पण कोणत्या घरात काय सांगितलं गेलं, इतकंच काय, आपण कोणत्या घरी गेलो होतो, हेसुद्धा कोणाला कळू द्यायचं नाही, असं तिनं कामाच्या पहिल्या दिवशी लिहून दिलं होतं. भिंतीकडे पाहावं तसं तिनं सिंधूताईंकडे पाहिलं.

"ही मिनलची मैत्रीण," मनोहरराव घाईनं म्हणाले.

"नाही काका, मी सर्व्हेक्षणाला आले आहे," पायल म्हणाली. तिच्या गळ्यात ओळखपत्र होतं आणि चुकीची माहिती तिला सहन होत नसे. "पण पाहुणे आलेत तर मी निघते. फक्त ही तिसरी भेट आहे. आता झालं नाही तर मला या घरासमोर 'नकार' लिहावं लागेल."

यंत्रात आपल्या नावासमोर "नकार" लिहिलं जाणार, हे मनोहररावांना कार्ड पांढरं होण्यापेक्षा वाईट वाटलं. "नकार कायले? घ्या ना लिहून."

"मग आतल्या खोलीत बसू. हे इतरांसमोर विचारत नाहीत."

सगळ्यांनी आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. ते दीड वीत उघडं होतं आणि फटीतून दिवाणाचा एक पाय बाहेर आला होता.

"इथंच विचारा," मनोहरराव म्हणाले. "आपल्याकडे लपवण्यासारखं काय आहे?"

मिनलनं स्वयंपाकघरातून पोह्यांच्या बशा आणल्या आणि पहिली बशी पायलला दिली. सिंधूताईंनीही आपल्या बशीतलं लिंबू उचलून पायलच्या बशीत ठेवलं. "घे वं बाई. उन्हात फिरतेस." पायलला या कामात इतका मान कधी मिळाला नव्हता. आयुषला सिंहासनावर बसवलं. दुसरं कोणी बसायला तयार होईना, त्यामुळे तो दोन सिंहांच्या मधे एकटाच बसला आणि नवरी अजून यायची आहे अशा चेहऱ्यानं समोर पाहू लागला.

"पंखा?" पायलनं सुरुवात केली.

"हाव."

"कूलर?"

"हाव. चालू आहे ना."

"फ्रिज?"

मनोहररावांनी फ्रिजकडे पाहिलं. हो म्हणावं तर कार्ड गेलं. नाही म्हणावं तर पाहुणे समोर बसलेत. त्यांनी मिनलकडे पाहिलं. ती बशी हातात धरून उभी होती आणि खात नव्हती.

"हाव," ते म्हणाले.

"चालू स्थितीत?"

"हाव."

"स्वतःच्या मालकीचा?"

"आता घरात आहे म्हणजे..."

"काका, होय की नाही, एवढंच आहे."

"होय." मनोहररावांनी पंच्यानं कपाळ पुसलं. केशरी रंग कसा उडत जातो ते त्यांना डोळ्यांसमोर दिसत होतं. टीव्हीलाही ते होय म्हणाले. मुलीसाठी माणूस कर्जबाजारी होतो हे त्यांनी पाहिलं होतं. मुलीसाठी पाच मिनिटांत श्रीमंत होणारे ते पहिलेच असावेत.

"चारचाकी?"

"नाही." इथे त्यांना एकदाचं खरं बोलता आलं आणि त्या आनंदात ते पुढे गेले. "ते पाहुण्यांकडे आहे. दारात उभी आहे ना. लिहून घ्या."

सिंधूताईंना ठसका लागला. वंदनाताई पाणी घेऊन धावल्या.

"मी फक्त याच घराचं लिहिते," टॅब्लेटवरून नजर न उचलता पायल म्हणाली.

पाणी माठातलं होतं. "फ्रिजचं नाही का?" नानाजींनी विचारलं, तेही कुतूहलानंच, कारण फोनवरचं आमंत्रण त्यांच्या घरात सगळ्यांनी स्पीकरवर ऐकलं होतं.

उत्तर शोधायची वेळ आली नाही, कारण तेवढ्यात सुशील आत आला. "भाऊ, पोट्टे ताक मागून राहिले. मोठा डबा संपला," असं म्हणत तो सरळ फ्रिजपाशी गेला, दार उघडलं, एक पाउच हातात घेऊन दाबला, आणि वास घेतला. "हे काय भाऊ? बंदच आहे. माहं सारं ताक आंबलं ना."

"आमच्या फ्रिजात शेजारी ठेवतात काही काही," मनोहरराव पाहुण्यांना म्हणाले.

सुशीलनं खोलीभर पाहिलं. सिंहासन पाहिलं, त्यावरचा मुलगा पाहिला, आणि त्याला परिस्थिती समजली. तो मनाचा चांगला होता. "हाव, हाव. फ्रिज भाऊचाच आहे. मी आपला ताक ठेवतो." मग त्यानं सवयीनं वाकून कूलरची पिन काढली आणि तिथे फ्रिजची लावली. फ्रिज घरघरला. कूलर थांबला. "फक्त भाऊ, सहाच्या आत वापस..." एवढं बोलून तोही थांबला.

खोलीत आता फ्रिजशिवाय कशाचाच आवाज नव्हता. पत्र्याखालची खोली, कूलर बंद होऊन एक मिनिट झालं नव्हतं तर आयुषच्या कानामागून घामाचा ओघळ निघाला आणि मखमलीवर पडला. पायलचं बोट टॅब्लेटवर थांबलं होतं. एका खोलीत एकच प्लग, आणि वस्तू तीन. वस्तू चुकीचं सांगत नाहीत हे सरांचं म्हणणं तिला नव्यानं आठवलं, आणि थोडं वेगळं वाटलं. फ्रिज गप्प होता तोवर मनोहरराव बोलत होते. फ्रिज चालू झाला आणि त्यानं सगळं सांगून टाकलं.

"काका," ती हळू म्हणाली, "उत्तर दुरुस्त करता येतं."

मिनलनं हातातली बशी फ्रिजवर ठेवली.

"पायलताई, खोडा. फ्रिज सुशीलकाकांचा आहे. टीव्ही माझ्या आतेभावाचा. आणि हे," तिनं आयुषखाली बोट दाखवलं, "बिछायत केंद्राचं. संध्याकाळी वर्धमाननगरला जाणार आहे." मग ती सिंधूताईंकडे वळली. "काकू, आमच्याकडे यातलं काही नाही. जे आहे ते त्या खोलीत कोंबलं आहे. तुम्हाला खोटं चालत नाही म्हणे. म्हणून तुम्ही उठून जायच्या आधी सांगितलं."

आयुष सिंहासनावरून उठून उभा राहिला. आपण त्यावर का बसलो होतो, असं त्याला वाटत असावं.

"लिहा मॅडम," मनोहरराव जमिनीकडे पाहत म्हणाले. "फ्रिज नाही. टीव्ही आहे, छोटा, तो तेवढा आपला. पोट्टीचा काही दोष नाही. मीच फोनवर बोलून बसलो."

सिंधूताईंनी घड्याळ पाहिलं, मग दारातली मोटार पाहिली, मग पायलकडे पाहिलं.

"बाई, तू सांगत काहून नाहीस?"

"काय?" पायल म्हणाली.

"हेच. मागच्या रविवारी तू आमच्या घरी आलतीस ना."

"मी तुम्हाला ओळखत नाही."

"अवं, चहा पेलीस तू. साखर कमी सांगतली होती."

"मी कोणाकडे गेले होते ते मी सांगू शकत नाही."

"मी सांगून राहिली ना आता. गाडीचं विचारलं तं मी नाही म्हणाली का नाही?"

"ताई, खरंच मी तुम्हाला ओळखत नाही," पायल कळवळून म्हणाली. इतकं उघड खोटं ती आयुष्यात प्रथमच बोलत होती, आणि तेही नियमाप्रमाणे.

"ते नाही बोलत तं मीच सांगते." सिंधूताई मनोहररावांकडे वळल्या. "भाऊ, गाडी याच्या सुपरवायझरची आहे. दोन वाजता वापस करायची आहे, त्याची सासू स्टेशनवर येते. म्हून लवकर आलो. उन्हाचं आपलं असंच सांगतलं."

मनोहररावांनी मान वर केली. "गाडी कायले आणली पण?"

"तुमी फोनवर सोफा म्हणले. फ्रिज म्हणले. मंग आमी काय बसनं उतरावं?"

"मी आईला सांगितलं होतं, नको म्हणून," आयुष म्हणाला. "आई, तुला तर खोटं चालत नाही ना?"

"लोकाईचं नाही चालत," सिंधूताई शांतपणे म्हणाल्या. "आपलं चालवून घ्या लागते."

पहिल्यांदा वंदनाताई हसल्या, तोंडाला पदर लावून. मग सुशील. तो अजून हातात ताक धरून उभाच होता.

या सगळ्या वेळात नानाजी हात धुवायला म्हणून मागच्या खोलीच्या दाराकडे गेले होते. दीड वितीतून आत जायला त्यांनी खांदा लावला, दिवाण थोडा सरकला, आणि ते आत अडकले. आतून त्यांचा आवाज आला, "हे उभं काहून करून ठेवलं गा?"

"जागा नव्हती नानाजी," मनोहरराव ओशाळून म्हणाले. "जुनं आहे. लकडगंजचे उरलेले तुकडे जमवून केलं. सहा वर्ष लागले."

"सागवान आहे हे."

"हाव."

"खिळा दिसून नाही राहिला कुठी."

"नाहीच आहे. सारे सांधे कोरून बसवले."

नानाजींनी आलापल्लीच्या लाकूड डेपोत नोकरीची सगळी वर्षं काढली होती आणि लाकूड ते बोटांनी वाचत. "हे आत कोंबून तुमी माह्या नातवाले मखमलीवर बसवलं?" ते आतून म्हणाले. "बाहेर काढा हे. मी उभं राहून थकलो."

मग आयुष, सुशील आणि मनोहरराव यांनी सिंहासन उचलून अंगणात नेलं आणि दिवाण समोरच्या खोलीत आणला. फ्रिजची पिन काढून पुन्हा कूलरची लावली. ताक तसंही आंबलंच होतं. वंदनाताईंनी त्याची कढी करायला घेतली. नानाजी दिवाणावर बसले, त्यांनी तळहातानं त्याची कड चाचपली आणि पायलला विचारलं, "याचे किती धरतेस तू?"

"पलंग, होय. एक."

"अन् लोखंडी असता तं?"

"तरी एकच."

"मंग तुयं यंत्र कच्चं आहे बाई."

यादीत सागवानासाठी वेगळी ओळ नव्हती, आणि सहा वर्षं तुकडे जमवत राहणं ही वस्तू धरायची की आणखी काही, हेही पायलला ठरवता येईना. तिनं बाकीचे प्रश्न पूर्ण केले. मनोहरराव प्रत्येक उत्तर देण्याआधी सिंधूताईंकडे पाहत होते आणि त्या मान हलवून, "सांगा, सांगा, आमच्याकडे बी नाही ते," असं म्हणत होत्या. लग्नाचं वीस मिनिटांत ठरलं. दोन वाजता मोटार परत करायची असल्यामुळे लांबण लावायला कोणालाच सवड नव्हती.

शेवटचे प्रश्न पायलनं स्वतःच भरायचे होते. मुलाखतीच्या वेळी इतर व्यक्ती हजर होत्या का? होय. त्याचा उत्तरांवर परिणाम झाला का? होय. कसा, असं विचारलेलं नव्हतं. शेरा लिहायला जागा होती. तिथे तिनं लिहिलं, वस्तू किती आहेत याबरोबर एका वेळी किती चालू शकतात, हेही विचारावं.

त्या रात्री तिनं घरी बसून, केवळ उत्सुकतेपोटी, दोन घरांचे आकडे काढले. पारडीत शिवणयंत्र होतं, ते हिंगण्यात नव्हतं. हिंगण्यात स्लॅब होता, पारडीत पत्रा. एकाकडे मिक्सर, दुसऱ्याकडे सायकल. बत्तीस ओळींची बेरीज झाल्यावर दोन घरांत फरक निघाला तो तिसऱ्या दशांशात. तिनं पुन्हा बेरीज केली. पत्रिका पाहणाऱ्याला इतकं जुळलेलं कधी मिळालं नसतं, आणि हे कोणालाही सांगायची तिला परवानगी नव्हती.

मेमध्ये लग्न झालं. पायलला दोन्हीकडून आमंत्रण होतं. "हिले आमी चांगलं ओळखतो," सिंधूताई नातेवाइकांना सांगत होत्या, "पण ही आमाले ओळखत नाही." आहेर निवडताना तिची पंचाईत झाली होती. पुढच्या वर्षी त्याच घरांची पुन्हा पाहणी होणार होती. मिक्सर यादीत होता, पंखा यादीत होता, भिंतीवरचं घड्याळही यादीत होतं. यातलं काहीही दिलं असतं तर तिनंच स्वतःच्या हातानं एका घराचा आकडा वाढवला असता. शेवटी यादीत नसलेली एक वस्तू तिला सापडली, चार पिनांचा एक्स्टेन्शन बोर्ड. तिनं दोन घेतले, एक पारडीला आणि एक हिंगण्याला, म्हणजे तोल राहील.

पुढच्या एप्रिलमध्ये नवीन यादी आली. तिच्यात तेहेतीस वस्तू होत्या. संस्थेनं तिचा शेरा गंभीरपणे घेतला होता. तेहेतिसाव्या ओळीवर लिहिलं होतं, एक्स्टेन्शन बोर्ड, चालू स्थितीत, स्वतःच्या मालकीचा.

पायल पारडीला गेली. समोरच्या खोलीत दिवाण आपल्या जागी होता, छोटा टीव्ही आपल्या जागी होता, आणि मनोहरराव तिला पाहून उठले नाहीत. घरच्या माणसासारखं "ये" म्हणाले. तिनं यादी सुरू केली. तेहेतिसाव्या ओळीवर आली तेव्हा तिनं न बोलता बोर्डाकडे पाहिलं. त्यात कूलर होता, टीव्ही होता, आणि तिसरी एक वायर खिडकीतून बाहेर जात होती.

"ती कोणाची?"

"सुशीलच्या फ्रिजची. चार दिवसांपासून त्याच्याकडची लाइन जळली आहे. मिस्त्री येतो येतो म्हणते, येत नाही. ताक आंबाले नको म्हून इथून देली."

पायल टॅब्लेट घेऊन खिडकीशी गेली. वायर बोळ ओलांडून सुशीलच्या घरात शिरली होती. तिथे फ्रिज घरघरत होता. मालकी सुशीलची होती. चालू स्थिती मनोहररावांची होती. सुशीलचं घर यादीत पुढचंच होतं. तिथे फ्रिज चालू लिहायचा की बंद? तिचं बोट पडद्याच्या वर अधांतरी होतं.

"का झालं मॅडम?" दिवाणावरून मनोहररावांनी विचारलं. "होय की नाही, एवढंच आहे ना?"